लक्ष्म्या पहिल्यांदाच बसवताय? मग आधी एक वही घ्या

भाद्रपद लागला की मराठवाड्यात दोन बायका भेटल्या, तर तिसऱ्या वाक्याला हा प्रश्न येतोच : "तुमच्याकडच्या लक्ष्म्या उभ्याच्या का बसत्या?" नवी सून इथंच गडबडते. पंचांगात ज्यांना ज्येष्ठा गौरी म्हणतात, पुण्या-मुंबईकडे ज्या नुसत्या 'गौरी' असतात, त्या आपल्याकडे महालक्ष्म्या, आणि घरात बोलताना लक्ष्म्या. थोरली ज्येष्ठा, धाकटी कनिष्ठा. बऱ्याच घरांत त्यांच्यासमोर त्यांची लेकरंही असतात, एक मुलगा आणि एक मुलगी. अडीच-तीन दिवसांचा मुक्काम, पण तयारी मात्र पंधरा दिवसांची.

हे लिहितेय ते तिघींसाठी. एक, जिचं यंदाच लग्न झालंय. दोन, दिरा-जावांपासून वेगळी होऊन जी फ्लॅटमध्ये पहिल्यांदा स्वतःच्या हातानं बसवणार आहे. आणि तीन, जी बाहेरून नोकरीनिमित्त इकडे आली आणि शेजारणीनं मदतीला बोलावलंय. मी स्वतः दुसऱ्या गटातली. अंबाजोगाईकडच्या वाड्यात अकरा वर्षं जावांच्या हाताखाली काम केलं होतं, म्हणून वाटलं होतं सगळं येतं. संभाजीनगरच्या दोन खोल्यांत एकटीनं उभ्या करायची वेळ आली, तेव्हा कळलं की मला फक्त भाज्या चिरता येत होत्या.

आधी विचारा, मग बाजारात जा

दोनशे पानी वही घ्या आणि सासूबाईंसमोर बसा. त्या नसतील तर थोरल्या जाऊबाई, आत्तेसासूबाई, गावाकडच्या चुलत सासूबाई, जी कोणी सगळ्यांत जुनी असेल ती. फोनवर नका विचारू. फोनवर त्या म्हणतात, "काही नाही गं, सगळे करतात तसंच." समोर बसून भाजी निवडत निवडत विचारलं, की एकेक गोष्ट निघते.

काय विचारायचं? लक्ष्म्या कशाच्या, हे पहिलं. कोठीवर, म्हणजे पत्र्याच्या धडावर, उभ्या करून साडी नेसवलेल्या असतात, धान्याच्या राशीवर नुसते मुखवटे मांडलेले असतात, सुगडांवर किंवा घागरीवर बसवलेल्या असतात, आणि काही घरांत नदी-तळ्यावरून आणलेले खडेच पूजतात. थोरली कुठल्या हाताला उभी राहते? लेकरं आहेत का? फुलोरा (डोक्यावर टांगायचं तळण) बांधतात का? पहिल्या दिवशी नैवेद्य कसला? सवाष्णी किती, ब्राह्मण सांगतात का, कुमारिका असते का? पूजेतले सुताचे दोरे कधी घेतात, कधी काढतात? कांदा-लसूण कधीपासून बंद? आणि हे मुद्दाम विचारा : आपल्याकडे काय करत नाहीत? एखाद्या घरात वांगं चालत नाही, एखाद्या घरात काळा तर सोडाच, निळा काठही चालत नाही. कारण कुणालाच ठाऊक नसतं, पण चाललेलं नाही एवढं पक्कं ठाऊक असतं.

थोरली डाव्या की उजव्या हाताला, यावरून आमच्याकडे दोन जावांत चांगलीच जुंपली होती. शेवटी भिंतीवरच्या जुन्या फोटोनं निवाडा केला. म्हणून घरातला जुना फोटो शोधा आणि त्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.

दिरांचा प्रश्न नाजूक असतो. बऱ्याच घरांत लक्ष्म्या थोरल्याकडेच राहतात आणि बाकीचे तिथं जमतात; काहींकडे वर्षं वाटून घेतात; काहींनी वेगळ्या बसवल्यात. वेगळ्या बसवायच्या असतील तर मुखवटे विकत घेण्याआधी घरात बोलणं करून घ्या. नंतर केलेलं बोलणं कडू होतं.

आणि घरात रीतच नसेल, हौसेनं सुरू करायचं असेल, तर माझं मत विचाराल तर खड्यांपासून सुरू करा. ज्येष्ठागौरीची कहाणी आठवा. गरिबीला कंटाळून जीव द्यायला तळ्यावर गेलेल्या ब्राह्मणाला म्हातारी सवाष्ण भेटते, त्याच्यासोबत घरी येते, आणि रिकामं मडकं कण्यांनी भरतं. जाताना ती सांगते काय, तर तळ्याच्या पाळीवरून दोन खडे आणावेत, ऊन पाण्यानं धुवावेत, ज्येष्ठ गौर, कनिष्ठ गौर म्हणून पूजावेत. कोठ्या, मुखवटे, विजेच्या माळा कहाणीत कुठंच नाहीत. एकदा मांडलेलं मोडायला मन धजत नाही, त्यामुळे झेपेल तेवढंच मांडलेलं बरं.

तारीख गणपतीवरून मोजू नका

दरवर्षी कुणीतरी फसतं. लक्ष्म्यांना तिथी नाही, नक्षत्र लागतं. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. ही तीन नक्षत्रं एकामागोमाग एक आहेत आणि चंद्र एकेका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणून हा तीन दिवसांचा हिशोब. पण चतुर्थीपासूनचं अंतर दरवर्षी सारखं राहत नाही. २०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला बसले आणि लक्ष्म्या १० तारखेला, म्हणजे चौथ्या दिवशी आल्या. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला आणि लक्ष्म्या ३१ ला, म्हणजे पाचव्या दिवशी. पंचांगात किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दिवसाखाली बारीक अक्षरांत आवाहनाची आणि विसर्जनाची वेळ दिलेली असते. ती वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. ऑफिसात रजा टाकायची ती मधल्या दिवसाची आधी टाका. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत वेळ मिळाली तर अर्ध्या दिवसात भागतं.

सोयर किंवा सुतक मध्ये आलं तर काय करायचं हेही आधीच विचारून ठेवा. ऐन वेळी रडारड नको.

कोठी, मुखवटा आणि साडी

कोठी म्हणजे लक्ष्मीचं धड. जुनी असेल तर पत्र्याची, आतून पोकळ, वरून धान्य भरायची. हल्ली लोखंडी स्टँड मिळतात, उंची कमी-जास्त करता येते, हातही वेगळे लावता येतात. फ्लॅटच्या कपाटावर ठेवायला स्टँड सोयीचे. तरी मला कोठीच आवडते. तिच्यात गहू-ज्वारी भरली की ती जागची हलत नाही, आणि लक्ष्मीच्या पोटात धान्य असावं हे मनालाही बरं वाटतं. स्टँड घेतलात तर पायाशी वजन ठेवा. आमच्या पहिल्या वर्षी पंख्याच्या वाऱ्यानं धाकटी पदरासकट पुढं झुकली होती आणि घरात पाहुणे बसले होते. पुढच्या वर्षीपासून दोघींच्या पायाशी तांदळाची पाच-पाच किलोची पिशवी, वर साडीचा घोळ. कुणाला दिसतही नाही.

मुखवटे पितळेचे असतील तर चिंच नाहीतर पितांबरी लावून चार दिवस आधी घासा, लगेच कोरडे पुसा. डोळ्यांना रंग भरलेला असेल तर तेवढी जागा सोडून. शाडूचे असतील तर पाणी अजिबात नको, मऊ ब्रशनं धूळ झाडायची एवढंच. रंग उडाला असेल तर रंगवायला द्यायची वेळ श्रावणातली. भाद्रपद उजाडला की कारागीर हात जोडतो. नवे घ्यायचे असतील तर दोन्ही चेहरे हातात धरून शेजारी शेजारी बघा. एकीचे डोळे वर, दुसरीचे खाली, असली जोडी घरी आणून वर्षानुवर्षं खटकत राहते.

मुखवटा कोठीच्या गळ्यावर डुगडुगतो. यावर एकच उपाय, चुंबळ. पाण्याची घागर डोक्यावर घेताना बायका करायच्या तशी जुन्या सुती कापडाची गोल चुंबळ करून गळ्यावर बसवा, त्यावर मुखवटा. मग दृष्ट लागेल असा स्थिर बसतो.

साडीचं काम आदल्या रात्रीचं. त्या दिवशी करायला गेलात तर मुहूर्त निघून जातो. आधी कोठीला जुनं मऊ लुगडं गुंडाळायचं, म्हणजे अंग भरतं. नाहीतर बारीक लोखंडी दांड्यावर पैठणी लोंबकळते आणि लक्ष्मी आजारी दिसते. मग साडी इस्त्री करून खाटेवर पसरा, निऱ्या आधीच घालून वर दोन आणि खाली दोन पिना मारा. कोठीच्या कमरेला नाडी बांधून निऱ्या त्यात खोचा, मग उरलेला पदर फिरवून घ्या. पहिल्यांदा निऱ्या, मग पदर. आपण स्वतः नेसतो त्याच्या उलट. हे कळेपर्यंत मी एक साडी तीनदा सोडली. सहावारी सोपी. नऊवारी नेसवायची तर कुणीतरी जाणती बाई बोलवा आणि ती नेसवताना मोबाइलवर व्हिडिओ काढा.

जरीची जड साडी घसरते, म्हणून कमरपट्टा आधी घट्ट बसवा. दागिने उतरत्या क्रमानं घाला : गळ्यालगत ठुशी, मग मंगळसूत्र, मग बोरमाळ, मग एकदाणी. नथ शेवटी, नाहीतर साडी ओढताना ती अडकते. खरे दागिने घालणार असाल तर रात्री घरात कोण झोपणार ते ठरवा. माझ्या आत्तेसासूबाई पोतीचे मणी घालायच्या आणि म्हणायच्या, लक्ष्मीलाच सोनं घालून तिला काय कौतुक?

आठ दिवस आधी : फुलोरा

लक्ष्म्यांच्या डोक्यावर दोरीनं टांगलेला तळणाचा फुलोरा हे आपल्याकडचं वैशिष्ट्य. बाहेरून आलेल्या मैत्रिणी वर बघत बसतात. करंज्या, साटोऱ्या, पापड्या, लाडू आणि त्यासोबत लक्ष्मीचा साज : वेणी, फणी, आरसा, कणकेचेच, तुपात किंवा तेलात तळलेले. फणीचे दात सुरीनं पाडायचे, वेणीला तीन पेड घालायचे. हे काम लेकरांना द्या, त्यांना फार आवडतं.

दोन गोष्टी सांभाळा. टांगायच्या वस्तूंना तळण्याआधीच भोक पाडा. तळून झाल्यावर सुई घातली की करंजी फुटते. आणि कणीक घट्ट मळा, मोहन कमी घाला. खुसखुशीत करंजी खायला छान, पण टांगली की मध्यरात्री थोरलीच्या मुकुटावर पडते. टांगायची वेगळी, खायची वेगळी, असे दोन घाणे करा.

बाकी सामानाची यादी वहीत : खण, नारळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका, बदाम, विड्याची पानं, कोरं सूत, अत्तर, गेजवस्त्र (देवाला वाहायचं कापसाचं वस्त्र), कापूर. फुलं-पत्री मात्र आदल्या संध्याकाळी. केवडा आणि आघाडा लवकर संपतो. आघाडा खरं तर कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर उगवलेला असतो, पण ओळखता आला पाहिजे : लांब दांड्याला उलटी टोकदार कुसळं, कपड्याला चिकटणारी.

एवढी वर्षं झाली तरी दोन गोष्टी मी दर वेळी तपासते. गॅसची भरलेली दुसरी टाकी आणि पाणी. आपल्या शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि चाळीस माणसांची भांडी पाण्याच्या एका टाकीत निभत नाहीत. नळाचा दिवस कुठला ते बघून पिंपं भरून ठेवा.

पहिला दिवस : येतात त्या संध्याकाळी

दारात रांगोळी आणि दारापासून बसवायच्या जागेपर्यंत कुंकवाची किंवा रांगोळीची पावलं. ठसे विकत मिळतात. मुठीच्या कडेनं पीठ उमटवून वर पाच ठिपके दिले तरी सुंदर पाऊल होतं. पावलं आत येणारी काढा. हसू नका, एका वर्षी आमच्या पोरीनं सगळी बाहेर जाणारी काढली होती.

मुखवटे ताटात घेऊन तुळशीपाशी किंवा दाराबाहेर जायचं. दोघी सवाष्णी एकेक मुखवटा घेतात. दारात त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळायचा, आणणारीच्या पायांवर दूध-पाणी घालायचं, हळदकुंकू लावायचं. मग ताट-पळी वाजवत आत. आमच्याकडे आतली विचारते, "कोण आलं?" बाहेरची म्हणते, "लक्ष्मी आली." "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्यारुप्याच्या पावलांनी." असं करत घरभर फिरवायचं : स्वयंपाकघर, धान्याचे डबे, तिजोरी, पोरांची अभ्यासाची जागा. पूर्वी धान्य साठवायचं बळद आणि कणगी दाखवायचे. मी फ्रीजही दाखवते, त्यात भाजी असते म्हणून. हा खेळ चेष्टेवारी नेऊ नका आणि फार गंभीरही होऊ नका.

मग मुखवटे कोठीवर बसवायचे, गळ्यात फुलं घालायची, लेकरं समोर मांडायची, दिवा लावायचा. नैवेद्य भाजी-भाकरीचा. प्रवास करून आलेल्या पोरींना पहिल्या रात्री जड जेवण कोण देतं? ज्वारीची भाकरी, मेथी नाहीतर शेपूची भाजी. आमच्याकडे अंबाडीची भाजी लागतेच, वर लाल मिरचीची फोडणी, लसूण मात्र नाही. ही त्या तीन दिवसांतली माझी सगळ्यांत आवडती वेळ. घर शांत असतं.

दुसरा दिवस : जेवण

खरी लढाई ही. सोळा हा आकडा सगळीकडे : सोळा भाज्या, सोळा दिवे, सोळा पदरांचा दोरा. काहींकडे कोशिंबिरीसुद्धा सोळा. घाबरू नका. सोळा भाज्या म्हणजे सोळा पातेली नव्हेत. सगळं माळवं एकत्र करून एकच मिसळीची भाजी होते. भेंडी, गवार, दोडका, पडवळ, काशीफळ, दुधी, कारलं, तोंडली, घेवडा, चवळीच्या शेंगा, वांगं, बटाटा, रताळं, फ्लॉवर, काकडी आणि एखादी पालेभाजी, झाल्या सोळा. भाजीवाल्या सणाच्या आधी सगळं थोडं थोडं घालून वाटाच लावतात. तो घेतला तर पाव-पाव किलोचं सोळा पिशव्यांचं ओझं वाचतं. शिजवताना बटाटा, रताळं, शिजायला वेळ लागणारं सगळं आधी टाकायचं. भेंडी वेगळी परतून शेवटी घालायची, नाहीतर सगळ्या भाजीला तार सुटते. कारल्याच्या चारच चकत्या. नाव झालं पाहिजे, चव जाता कामा नये.

पानात काय काय असतं? पुरणाची पोळी, कटाची आमटी (आमच्या गावाकडं येळवणीची म्हणतात), भात-वरण, कढी, आंबील, खीर, मिसळीची भाजी, पालेभाजी, अळूच्या वड्या, भजी, वडे, कुरडया-पापड, पंचामृत, चटण्या, कोशिंबिरी, लिंबू. यातलं काय सोडता येईल ते सासूबाईंना विचारा. आंबील मात्र सोडू नका. पुरणपोळी साऱ्या महाराष्ट्रात होते, ज्वारीची आंबील ही आपल्या मातीची.

आंबिलीची तयारी आदल्या रात्री. दहा माणसांना दोन वाट्या ज्वारीची भरड, आंबट ताकात भिजवून झाकून ठेवायची. सकाळी चार-पाच पट पाण्याला उकळी आणून त्यात हे भिजवलेलं हळूहळू सोडायचं, एका हातानं सतत हलवत. गाठ झाली तर ती जन्मात मोडत नाही. मीठ, जिरं, किसलेलं आलं, खोबऱ्याचे पातळ काप. उतरवताना वाटतं त्यापेक्षा पातळ ठेवा, थंड झाली की आवळून येते.

पुरणाचं गणित : एक किलो हरभऱ्याच्या डाळीला एक किलो गूळ, आणि त्यात मध्यम आकाराच्या चाळीसेक पोळ्या होतात. डाळ भरपूर पाण्यात शिजवा, बोटानं सहज दाबली गेली पाहिजे. वरचं येळवणी निथळून बाजूला काढा, तीच आमटीची जान. गूळ घालून शिजवताना पळी पातेल्यात मधोमध उभी राहिली की पुरण झालं. पडली तर अजून वेळ आहे. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. भाद्रपदातली दमट हवा, त्यात नवशिका हात, पुरण सैल होणारच. तसं झालं तर पसरट कढईत मंद आचेवर परत ठेवून आटवा, घाईनं पोळी लाटायला घेऊ नका. सुंठ आणि जायफळ सढळ हातानं घाला, पोटाला बरं.

आता जे सांगते ते काही जणींना पटणार नाही. चाळीस माणसांच्या पोळ्या एकटीनं लाटू नका. देवीच्या पानातल्या पाच पोळ्या न्हाऊन, सोवळ्यानं स्वतः करा, आणि बाकीच्या पोळ्या करणाऱ्या मावशींना महिनाभर आधी सांगून ठेवा. सकाळी पाचपासून तव्यासमोर उभी असलेली बाई आरतीच्या वेळी भिंतीला टेकून झोपलेली मी पाहिलीय. ती मीच होते.

पुरुषमंडळींनाही वाटणी द्या. आमच्याकडे नारळ फोडणं, केळीची पानं धुणं-पुसणं, भज्यांचं तळण आणि पंगतीचं वाढप पुरुषांकडे असतं. भजी तळायला कढईपाशी बसलेला माणूस सारखी चव घेतो, म्हणून आधी नैवेद्याचं काढून ठेवा.

दोन्ही लक्ष्म्यांना दोन पानं, लेकरांना दोन छोटी. मीठ वर मधोमध, त्याच्या डाव्या अंगाला लिंबू, चटणी, कोशिंबिरी. उजव्या अंगाला भाज्या, आमटी. मध्ये भाताची मूद, वर वरण आणि तूप. शेजारी पाण्याचा तांब्या, विडा. मग कणकेचे किंवा पुरणाचे सोळा दिवे ताटात लावून आरती. वाती आदल्या दिवशी तुपात भिजवून ठेवा, नाहीतर सोळावा पेटेपर्यंत पहिला विझतो. नैवेद्य दाखवला की बऱ्याच घरांत पडदा ओढून सगळे थोडा वेळ बाहेर थांबतात. लक्ष्म्यांना निवांत जेवू द्यायचं. त्या वेळात आत कुणी डोकावायचं नाही. लहानपणी मी डोकावले होते. काही दिसलं नाही, मार मात्र मिळाला.

पंगती रात्रीपर्यंत चालतात. आधी सवाष्णी आणि कुमारिका, मग बाकीचे. तुम्ही जेवायला बोलावलेल्या पाहुण्या असाल तर काय करायचं? ओटीला खण-नारळ किंवा नुसता गजरा न्या, मिठाईचा डबा नको, घरात गोड उतू चाललेलं असतं. "पुरे" लवकर म्हणा, कारण दुसऱ्या "पुरे"लाही एक पोळी पडतेच. आणि उरलेलं डब्यात भरून मागू नका. आमच्यासारख्या कित्येक घरांत त्या दिवशीचा प्रसाद उंबऱ्याबाहेर जात नाही. तिथंच बसून हवं तितकं खा, डबा मात्र मिळणार नाही. यात कंजूषपणा नाही, रीत आहे, आणि यजमानीण स्वतःहून हे सांगायला ओशाळते.

तिसरा दिवस

सकाळी दोरे. कोरं सूत सोळा पदरी करून हळदीत रंगवायचं, सोळा गाठी मारायच्या, गाठींत झेंडूची पानं, काशीफळाचं फूल, रेशमाचा धागा असं काय काय बांधतात. हे पूजेत ठेवून मग घरातल्या बायका गळ्यात किंवा हातात घालतात. किती दिवस ठेवायचा ते घराप्रमाणे. वहीत लिहिलं असेलच. काशीफळाचं फूल बाजारात दिसत नाही, ज्यांच्या परसात वेल आहे त्यांना आधी सांगून ठेवा.

दुपारी खीर-कानवल्यांचा नैवेद्य, संध्याकाळी हळदीकुंकू. तिन्हीसांजेला बायका घरोघर लक्ष्म्या बघत फिरतात. थर्माकोलचे महाल आणि फिरते दिवे यांची स्पर्धा दर वर्षी वाढतेय. मला विचाराल तर भिंतीला एक जुनी रेशमी साडी लावा, दोन समया ठेवा, बस्स. माणसं चेहरा बघायला येतात.

विसर्जन पंचांगातल्या वेळेत. आरती, कहाणी, दहीभाताची शिदोरी, ओटी. अक्षता वाहून 'पुनरागमनाय च' म्हणायचं आणि मुखवटे जागेवरून जरासे हलवायचे. झालं विसर्जन. मुखवटे पाण्यात सोडत नाहीत. खडे असतील तर पुन्हा नदी-तळ्याला. लगेच आवरायला घेऊ नका, रात्रभर तसंच राहू द्या. पोरं हिरमुसतात, थोडी आपणही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवरताना घाई केलीत तर पुढच्या वर्षी रडाल. साडीच्या पिना मोजून काढा, एखादी राहिली की पैठणीला गंजाचा डाग पडतो. मुखवटे वेगवेगळ्या सुती फडक्यांत, मध्ये कापराची वडी. कोठीच्या, हातांच्या, मुकुटाच्या मागे खडूनं थोरली-धाकटी लिहा. फुलोऱ्याचं तळण वासाला बरं असेल तर लेकरांना वाटा, नाहीतर गाईला. आणि वहीत त्याच दिवशी लिहा : किती माणसं जेवली, किती डाळ लागली, काय उरलं, काय कमी पडलं. माझ्या वहीत पहिल्या वर्षाच्या पानावर एवढंच आहे : "आंबील संपली. भात दोन पातेली उरला. पुढच्या वर्षी पंखा बंद."

कोठीतले गहू शेवटी काढा. ते वेगळे ठेवायचे नाहीत, घरच्या गव्हात मिसळून चक्कीवर द्यायचे. दळण आलं की पहिली पोळी त्याची करायची, आणि ती घरात सगळ्यांत लहान जे कोण असेल त्याच्या ताटात.